संस्थेने चोरलेली जात

इतिहास कोण लिहितो आणि कोणाच्या सोयीसाठी लिहितो, हा प्रश्न महात्मा फुल्यांनी विचारला आणि दलित साहित्याने तो धसास लावला. राजेरजवाडे, पेशवाई, गावगाडा, संतपरंपरा या सर्वांना आपण हा प्रश्न विचारला आहे. परंतु सेवेच्या आणि शिक्षणाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थांना तो आपण क्वचितच विचारतो. मिशनच्या शाळा आणि दवाखाने यांविषयी आपल्याकडे दोन ठरीव प्रतिक्रिया आहेत. ज्यांच्या आजोबांना त्या शाळेत पहिल्यांदा बाकावर बसता आले त्यांची कृतज्ञता ही पहिली, आणि ज्यांना प्रत्येक दवाखान्यामागे धर्मांतराचा डाव दिसतो त्यांचा संशय ही दुसरी. पहिली प्रतिक्रिया मला समजते. दुसरीमागचे राजकारणही समजते. पण दोन्ही प्रतिक्रिया संस्थेच्या दाराबाहेर उभ्या राहून व्यक्त होतात. दाराच्या आत कोण राहत होते, आत येण्याचा अधिकार कोणाला होता, कोणाची तसबीर भिंतीवर लागली आणि कोणाची उतरवली गेली, हे पाहिल्याशिवाय अशा संस्थेच्या कार्याचे मूल्यमापन पुरे होत नाही.

या लेखात मी अमेरिकेतील कॅथलिक धर्मभगिनींच्या एका संघाने स्वतःचा इतिहास कसा लिहिला, याची समीक्षा करणार आहे. विषय दूरचा वाटेल, पण तो आपल्याला परका नाही. १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिताना फुल्यांनी ती अमेरिकेतील गुलामीविरोधी लोकांना अर्पण केली होती. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचे नाव घेतले. काळ्या कवींची, वक्त्यांची, लढवय्यांची ओळख मराठी वाचकाला आहे. त्याच समाजातल्या काळ्या धर्मभगिनींची मात्र नाही. कारण त्यांचा इतिहास दोनदा झाकला गेला. एकदा गोऱ्या अमेरिकेने झाकला, आणि दुसऱ्यांदा त्यांच्याच चर्चने.

१

प्रथम थोडी माहिती. कॅथलिक भगिनीसंघ म्हणजे अपरिग्रह, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन एकत्र राहणाऱ्या स्त्रियांची संस्था. तिला स्वतःची नियमावली असते, प्रमुख म्हणून एक मदर असते, आणि त्या भागाच्या बिशपची संमती असल्याशिवाय तिला पाऊल टाकता येत नाही. म्हणजे श्रम स्त्रियांचे, शाळा स्त्रियांनी चालवलेली, आणि शेवटचा शब्द पुरुषाचा. ही रचना ध्यानात ठेवली म्हणजे पुढची हकिकत समजणे सोपे जाईल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांच्या सेंट डोमिंग्यू या वसाहतीत गुलामांनी बंड केले आणि १८०४ मध्ये हैती हे स्वतंत्र राष्ट्र उभे राहिले. त्या धामधुमीत गोरे मालक, मिश्रवंशीय आणि स्वतंत्र काळे अशी हजारो माणसे अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या बंदरांत आली. मेरीलँडमधले बाल्टिमोर हे त्यांपैकी एक बंदर. राज्य गुलामगिरीचे, पण शहरात स्वतंत्र काळ्यांची मोठी वस्ती. काळ्या मुलांसाठी सरकारी शाळा नव्हती. अशा शहरात एलिझाबेथ क्लॅरिस लँग नावाची एक स्त्री आली. क्युबाच्या सँटियागोमधून आलेली, फ्रेंच बोलणारी, काळी, शिकलेली. मेरी बालास या आपल्या मैत्रिणीला बरोबर घेऊन ती स्वतःच्या घरात काळ्या मुलांची विनामूल्य शाळा चालवू लागली. कोणत्याही बिशपने तिला पाठवले नव्हते. समोर मुले होती आणि त्यांना अक्षर येत नव्हते, एवढेच कारण तिला पुरेसे होते.

याच सुमारास झुबेर नावाचे एक फ्रेंच पाद्री काळ्या मुलांना धर्मशिक्षण देत होते. मुलांना वाचता येत नसल्याने पाठ होत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. हे झुबेर पूर्वी सेंट डोमिंग्यूमध्ये फ्रेंच सरकारचे अधिकारी होते. ज्या वसाहतीतून काळ्यांच्या उठावामुळे त्यांना पळावे लागले, तिथल्याच निर्वासितांच्या मुलांसाठी त्यांनी लँगबाईंशी हात मिळवला. १८२८ मध्ये शाळा उभी राहिली आणि २ जुलै १८२९ रोजी चार स्त्रियांनी व्रते घेतली. लँग, बालास, रोझीन बोग आणि तेरेसा डुशेमिन या त्या चौघी. ‘ओब्लेट सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स’ हे संघाचे नाव. अमेरिकेत टिकून राहिलेला काळ्या धर्मभगिनींचा हा पहिला संघ. १८३१ मध्ये पोपची मान्यता आली. त्यांची सेंट फ्रान्सिस अकॅडमी बाल्टिमोरमध्ये आजही चालू आहे.

तारखा सांगून झाल्या. आता त्या तारखांच्या आत काय होते ते पाहू. देशाचा कायदा काळ्या माणसाला मालमत्ता मानत होता. काळी स्त्री म्हणजे मालकाच्या हक्काची वस्तू. ब्रह्मचर्याचे व्रत घेण्याइतके आपल्या देहावर तिचे स्वामित्व आहे, हेच त्या समाजाला मान्य नव्हते. काळ्या बाईच्या अंगावर धर्मभगिनीचा वेष म्हणजे त्या वेषाचा विटाळ, असे मानणारे सामान्य गोरे लोक तर होतेच, पाद्र्यांतही होते. गोऱ्या स्त्रीने हे व्रत घेतले तर तो संसाराचा त्याग. काळ्या स्त्रीने घेतले तर ‘माझा देह माझा आहे’ अशी ती घोषणाच. संघात पुढे आलेल्या काही जणी जन्माने गुलाम होत्या, ही गोष्ट या संदर्भात फार मोलाची आहे.

२

या संघाच्या कागदपत्रांतला एक प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १८३५ मध्ये बाल्टिमोरच्या सेमिनरीचे प्रमुख फादर देल्युऑल यांनी या भगिनींकडे मागणी केली, की सेमिनरीतले घरकाम आणि आजाऱ्यांची देखभाल तुम्ही पाहा. सेमिनरी म्हणजे गोऱ्या पाद्र्यांचे विद्यालय. मागणी करणारा माणूस संघाचा हितचिंतक, आणि संघ तर पाद्र्यांच्या कृपेवर उभा. नकार देणे शक्य नव्हते. तेव्हा मदर लँग यांनी लेखी उत्तर दिले. त्याचा आशय असा : आम्ही काळ्या आहोत आणि त्याच वेळी धर्मभगिनीही आहोत; या दोन गोष्टी एकत्र निभावण्यात अडचण आहे हे आम्ही लपवत नाही; आमच्याकडून उद्धटपणा दिसू नये आणि आम्ही स्वीकारलेल्या जीवनाचा मानही जाऊ नये, असा मार्ग आम्हाला हवा. त्यासाठी त्यांनी अटी घातल्या. इतर नोकरांपासून त्यांचे राहणे-खाणे स्वतंत्र असावे, त्यांच्या व्रतस्थ जीवनात व्यत्यय येऊ नये.

डायान बॅट्स मॉरो या अभ्यासिकेने २००२ मध्ये या संघाच्या पहिल्या तीन दशकांवर ग्रंथ लिहिला, त्याचे शीर्षक याच पत्रातून घेतले आहे. निवड अचूक आहे. या पत्रात क्रांतीची भाषा नाही, आरोळी नाही, भाषा विनयाची आहे. पण तिच्या आत एक ठाम रेघ ओढलेली आहे. काम करू, पण तुमची मोलकरीण म्हणून नाही. आपल्याकडे विद्रोहाचे माप पुष्कळदा आवाजावरून घेतले जाते. ज्याचा आवाज मोठा तो विद्रोही. हे पत्र वाचताना मला आपल्या आया आठवतात. वाड्यावर कामाला जाणाऱ्या, पण पदरात टाकलेले शिळे न घेता परत येणाऱ्या. त्यांच्या त्या न घेण्याची नोंद कोणी केली नाही. लँगबाईंना लिहिता येत होते म्हणून त्यांची नोंद राहिली. शिक्षणाचा हाही एक उपयोग असतो.

१८३२ मध्ये बाल्टिमोरमध्ये पटकी आली तेव्हा शहराच्या गरीबखान्यात रोग्यांची सेवा करण्यासाठी या भगिनी गेल्या होत्या. तेरेसा डुशेमिन यांची आईही या संघात दाखल झालेली होती. पटकीच्या रोग्यांची सेवा करतानाच ती गेली. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता गेलेल्या सावित्रीबाई ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे मरण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

३

१८४३ मध्ये झुबेर वारले आणि संघाचा आधार तुटला. आर्चबिशप एक्लस्टन यांना काळ्या धर्मभगिनींची गरजच वाटत नव्हती. मुलींची संख्या घटली, पैसा आटला, प्रार्थनेसाठी स्वतःचा पाद्री उरला नाही. भगिनींनी लोकांचे कपडे धुतले, इस्त्री केली, फाटके शिवले आणि शाळा चालू ठेवली. १८४७ मध्ये आनवांडर नावाच्या एका तरुण पाद्र्याने त्यांची बाजू घेतली, तोपर्यंतची ही वर्षे.

याच काळात तेरेसांनी संघ सोडला. त्यांचा जन्म १८१० चा, बाल्टिमोरमधला. आई सेंट डोमिंग्यूहून आलेली मिश्रवंशीय स्त्री, बाप इंग्रज लष्करी अधिकारी. वर्ण इतका उजळ की पाहणाऱ्याला त्या गोऱ्या वाटत. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही उत्तम. १८४१ ते १८४४ त्या संघाच्या प्रमुख होत्या. डोळ्यांसमोर संघ मोडताना दिसत होता, तेव्हा फादर जिले या धर्मप्रसारकाने त्यांना मिशिगनमध्ये येऊन शाळा काढण्याचे सुचवले. १० नोव्हेंबर १८४५ रोजी मनरो या गावी, एका लाकडी ओंडक्यांच्या घरात, तीन स्त्रियांनी नवा संघ सुरू केला. तेरेसा, त्यांच्यामागोमाग बाल्टिमोरहून आलेल्या उजळ वर्णाच्या अ‍ॅन शाफ, आणि तेरेसा रेनो नावाची मिशिगनचीच एक तरुणी. दोनच महिन्यांत मुलींची शाळा निघाली. १८४७ पासून हा संघ ‘इमॅक्युलेट हार्ट ऑफ मेरी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. पुढे तो मोठा झाला. त्याच्या शाळा, महाविद्यालये, मिशन अनेक ठिकाणी निघाली. आणि तो गोऱ्या स्त्रियांचा संघ म्हणूनच वाढला.

मनरोमधली चौदा वर्षे तेरेसांनी नेतृत्व केले. १८५८ मध्ये पेनसिल्व्हेनियात सस्कहॅना येथे शाखा निघाली. यावरून डेट्रॉइटचे बिशप लेफेव्हर आणि तेरेसा यांच्यात वाद पेटला. १८५९ मध्ये बिशपने त्यांना पदावरून काढले आणि पेनसिल्व्हेनियात पाठवले. संघाचे दोन तुकडे झाले, आणि दोन्हीकडच्या भगिनींना एकमेकींशी पत्रव्यवहाराचीही बंदी झाली. लेफेव्हर यांनी पेनसिल्व्हेनियाच्या बिशपला जे लिहिले, त्यात तेरेसांच्या मिश्र वंशाचा उल्लेख करून लबाडी आणि धूर्तपणा हे त्या वंशाचेच गुण असल्याचे सांगितले. दोन्ही बिशपांच्या मर्जीतून उतरल्यावर तेरेसा कॅनडातल्या ओटावा येथे ग्रे नन्सच्या आश्रयाला गेल्या. सुमारे अठरा वर्षे त्यांनी तेथे काढली. परत येऊ द्या म्हणून त्या लिहीत राहिल्या. १८८५ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा वय पंचाहत्तर झाले होते. १८९२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टर येथे त्या वारल्या.

बिशपचे ते पत्र नीट समजून घेतले पाहिजे. १८४५ मध्ये शाळा काढायला बाई हवी होती, फ्रेंच येणारी हवी होती, अनुभवी हवी होती. तेव्हा तिचा वंश आड आला नाही. चौदा वर्षांनी ती आपल्या निर्णयाने वागू लागली तेव्हा तिचा वंश आठवला. म्हणजे तो कधी विसरला गेलाच नव्हता. म्यानात ठेवलेल्या सुरीसारखा तो हाताशी होता. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका महाविद्यालयात एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ‘तुम्ही आमच्यातलेच वाटता’ असे मला मोठ्या कौतुकाने सांगितले होते. पुढे वर्षभराने वेळापत्रकावरून मतभेद झाला, तेव्हा त्याच गृहस्थांनी ‘शेवटी यांची जात’ असे म्हटले. दोन्ही वाक्ये एकाच तोंडची होती आणि दोन्हींत विसंगती मुळीच नव्हती. सवर्ण औदार्याचा हा नियम आहे : तुमची जात विसरण्याचा अधिकार त्याचा, आठवण्याचाही त्याचाच.

४

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तेरेसांच्या मृत्यूनंतर त्यांच्या संघाने त्यांचे काय केले? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संघाच्या काही प्रमुखांना आपल्या संस्थापिकेचा वंश ठाऊक झालेला होता. ही गोष्ट बाहेर बोलू नये, असेच धोरण राहिले. १९४८ मध्ये मनरोच्या संघाचा शंभर वर्षांचा इतिहास सांगणारा मोठा ग्रंथ संघातल्याच सिस्टर रोझालिटा यांनी प्रसिद्ध केला. शाळांची वाढ, कष्ट, अडचणी यांचा तो तपशीलवार इतिहास. पण संस्थापिका काळ्या आईची मुलगी होती, हे त्यात उघडपणे येत नाही. १९९७ मध्ये याच संघाच्या भगिनींनी ‘बिल्डिंग सिस्टरहुड’ हा स्त्रीवादी दृष्टीने लिहिलेला इतिहास काढला, तेव्हा ही मिठाची गुळणी सुटली. त्या ग्रंथात मॅरिटा-कॉन्स्टन्स सुपान यांनी तेरेसांवर लिहिताना त्यांच्या आठवणीला ‘धोकादायक स्मृती’ म्हटले आहे. २०२२ मध्ये शॅनन डी विल्यम्स या इतिहासकार स्त्रीने ‘सबव्हर्सिव्ह हॅबिट्स’ या ग्रंथात अमेरिकेतील काळ्या धर्मभगिनींचा समग्र इतिहास मांडला. गोऱ्या भगिनीसंघांनी पिढ्यान्‌पिढ्या काळ्या मुलींना दारातून कसे परत पाठवले, ते त्यात कागदपत्रांनिशी आले आहे.

बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा १९६३ साली आली. रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी गेलेला नायक जात लपवतो, आणि ती उघड होताच मार खातो. ही कथा शिकवताना वर्गात दरवर्षी एक प्रश्न निघतो : त्याने जात का लपवली, ताठ मानेने का सांगितली नाही? विचारणारा विद्यार्थी बहुधा असा असतो, ज्याला जात लपवण्याची गरज कधी पडलेली नसते. तोच प्रश्न तेरेसांना विचारता येईल. मोडत्या काळ्या संघाला सोडून त्या निघून गेल्या. लँगबाई राहिल्या, लोकांचे कपडे धूत राहिल्या. मग एकीला वीरांगना ठरवावे आणि दुसरीला पळपुटी म्हणावे काय?

मला ही वाटणी मान्य नाही. लँग यांचे टिकून राहणे असामान्य आहे, याविषयी दुमत नाही. त्या १८८२ मध्ये वारल्या तेव्हा त्यांचा संघ उभा होता, आणि तो आजही आहे. परंतु ज्या समाजाने तेरेसांपुढे दोनच वाटा ठेवल्या, काळी म्हणून बुडणे किंवा वंशाविषयी गप्प राहून काम करणे, त्या समाजाला मोकळे सोडून निवड करणाऱ्या स्त्रीचा न्याय करणे म्हणजे मार खाणाऱ्याकडून ओरडण्याच्या सुराचा हिशेब मागण्यासारखे आहे. तेरेसांच्या जाण्याने बाल्टिमोरच्या भगिनींचे नुकसान झाले, हेही खरे. ते लपवण्याचे कारण नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात आणि चांगल्या समीक्षेला त्या एकाच वेळी पेलता आल्या पाहिजेत.

मात्र एक भेद काटेकोरपणे केला पाहिजे. पिचलेल्या माणसाने जात लपवली तर तो जगण्याचा मार्ग असतो. त्यात भीती असते, पोट असते, पोरांची शाळा असते. संस्थेने जात लपवली तर ती सत्तेची कृती असते. १९४८ मध्ये मनरोच्या संघाला कोणी घराबाहेर काढणार नव्हते. संघाकडे इमारती होत्या, महाविद्यालय होते, प्रतिष्ठा होती. तरीही सत्य दडवले गेले, आणि तेही द्वेषातून नव्हे तर मदरच्या सन्मानाची काळजी म्हणून! इथेच खरी मेख आहे. ज्याला आपण सन्मान म्हणतो त्याच्या आत कोणते गृहीत दडले आहे? काळी असणे हा डाग आहे, आणि आपल्या मातेवरचा डाग लेकींनी झाकावा, हे ते गृहीत. बिशप लेफेव्हरने शिवी म्हणून जे लिहिले, तेच संघाने आदर म्हणून मान्य केले. शिवी देणारा आणि झाकणारा यांचे मूळ मत एकच होते.

याचा परिणाम केवळ एका नावापुरता राहत नाही. काळी मुलगी व्रत घेण्याच्या इच्छेने गोऱ्या संघाच्या दाराशी आली की तिला सांगितले जाई, तुमच्यासाठी वेगळे संघ आहेत. तुमच्यात अजून तशी परंपरा नाही. इमॅक्युलेट हार्टच्या भिंतीवर संस्थापिकेची खरी ओळख लिहिलेली असती, तर असे उत्तर देणे त्या दाराशी तरी अवघड झाले असते. आधी आई चोरली गेली, मग ‘तुम्हाला आई नाही’ असे सांगून लेकींना परत पाठवता आले. आपल्या पूर्वजांना विद्येची परंपरा नाही, असे आपल्याला ज्या पद्धतीने सांगितले गेले, तीच ही पद्धत.

५

कोणी म्हणेल, ही अमेरिकेची गोष्ट, आपल्याला तिचे काय? तर मुंबईचे सोफिया महाविद्यालय पाहा. १९४० मध्ये ‘सोसायटी ऑफ द सेक्रेड हार्ट’ या फ्रान्समध्ये जन्मलेल्या भगिनीसंघाने ते सुरू केले. मुंबईतल्या मुलींच्या शिक्षणात त्याचे स्थान मोठे आहे. याच संघाच्या भगिनी १८१८ मध्ये अमेरिकेत गेल्या आणि लुइझियानातल्या ग्रँड कोटो येथे १८२१ मध्ये त्यांनी शाळा काढली. त्या शाळेच्या शेतात आणि स्वयंपाकघरात संघाच्या मालकीचे गुलाम राबत होते. २०१६ मध्ये संघानेच याचा शोध घ्यायला समिती नेमली आणि २०१८ मध्ये त्या गुलामांच्या वंशजांना बोलावून त्यांच्यासमोर हे जाहीरपणे मान्य केले. बिहारमध्ये मोकामा येथे १९४७ मध्ये आलेल्या ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ नाझरेथ’ या संघाचाही केंटकीतला भूतकाळ असाच. त्या संघाने आणि केंटकीतल्या आणखी दोन संघांनी २००० साली गुलामगिरीबद्दल एकत्रित क्षमायाचना केली आहे.

यावरून सोफियातल्या शिक्षणाला किंवा मोकामाच्या रुग्णालयाला कमीपणा येत नाही. दोष वारसाहक्काने वाटायचा नसतो. मुद्दा असा, की गोऱ्या मुलींचे शिक्षण काळ्या गुलामांच्या श्रमावर उभे होते आणि त्या वेळी ते करणाऱ्या पवित्र स्त्रियांना त्यात पाप दिसले नाही. व्रते, प्रार्थना, त्याग हे सारे असूनही दिसले नाही. माणसाची व्यक्तिगत सात्त्विकता विषमतेच्या रचनेला हात लावत नाही. जातिव्यवस्थेतले सज्जन पाहत आलेल्या आपल्याला हे नवे नाही.

आणि आपल्या भूमीवर तेच प्रश्न वेगळ्या नावाने उभे राहतात. तमिळ लेखिका बामा यांचे ‘करुक्कु’ हे आत्मकथन १९९२ मध्ये आले. दलित कॅथलिक कुटुंबातली ही मुलगी गरीब पोरांची सेवा करता येईल या आशेने धर्मभगिनी झाली, आणि काही वर्षांनी कॉन्व्हेंट सोडून बाहेर पडली. तिथे तिला दिसले की शाळा सुखवस्तूंच्या, आणि दलित पोरांच्या वाट्याला झाडलोट. काही संघ दलित मुलींना घेतच नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा संघ आहे, हेही तिला प्रशिक्षणाच्या काळात ऐकायला मिळाले. बाल्टिमोर आणि तमिळनाडू यांच्यात दीडशे वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर, पण ‘तुमच्यासाठी वेगळा संघ आहे’ हे वाक्य मात्र तेच! चर्च म्हणते आमच्यात जात नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीतून वगळले, म्हणजे शासनही म्हणते तुला जात नाही. फक्त गावाची दफनभूमी आणि संघाचे दार यांना त्याची जात बरोबर ठाऊक असते.

६

बौद्ध वाङ्मय वाचणाऱ्यांना थेरीगाथेतली पुण्णिका आठवेल. ती दासी होती, अनाथपिंडिकाच्या घरी पाणी भरणारी. नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाशी तिने वाद घातला, आणि भिक्खुणी संघात तिला स्थान मिळाले. महत्त्वाचे हे, की ती पाणी भरणारी दासी होती हे त्या परंपरेने पुसले नाही. ती पाणी भरत होती म्हणूनच पाण्याने पाप धुते काय हे विचारण्याचा तिचा अधिकार मोठा ठरतो. तिचा जन्म झाकला असता तर तिचा प्रश्नही बोथट झाला असता. तेरेसांच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्यांचा वंश वगळल्यावर एक कर्तबगार मदर आणि एक रागीट बिशप यांचे भांडण एवढेच उरले. वंश परत ठेवला की सगळ्या घटनांचा अर्थ बदलतो.

गेल्या काही दशकांत इमॅक्युलेट हार्टच्या तिन्ही शाखा आणि बाल्टिमोरच्या ओब्लेट भगिनी एकत्र येऊ लागल्या आहेत, आपला समाईक उगम मान्य करू लागल्या आहेत. हे स्वागतार्ह आहे. २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मेरी लँग यांना ‘व्हेनरेबल’ ही पदवी दिली. तिकडे सेक्रेड हार्टच्या फिलिपिन दुशेन, ज्यांच्या संघाने गुलाम बाळगले, त्या १९८८ मध्येच संत झाल्या. पस्तीस वर्षांनंतर लँग संतपदाच्या वाटेवरच आहेत. पण संतपदाचा हिशेब चर्चचा. आपला हिशेब कागदाचा आहे. बाल्टिमोरच्या भगिनींनी आपली रोजनिशी, पत्रे, हिशेब जपून ठेवले म्हणून मॉरो आणि विल्यम्स यांना लिहिता आले.

आपल्याकडे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ दिला. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना त्या घरोघर जाऊन भेटल्या, म्हणून ती नावे वाचली. आपल्याही चळवळीच्या इतिहासातून त्या स्त्रिया गळाल्याच होत्या, हे विसरून दुसऱ्यांकडे बोट दाखवता येणार नाही. हीच पद्धत आता मिशनच्या संस्थांना लावायला हवी. अहमदनगर, जालना, वसई, सोलापूर, जिथे जिथे मिशनच्या शाळा आणि वसतिगृहे होती किंवा आहेत, तिथले विद्यार्थी, शिक्षक, कार्यकर्ते यांनी जुने पटबुक आणि बाप्तिस्म्याची नोंदवही पाहावी. स्वयंपाकघरात कोण होते, झाडायला कोण होते, शिकवायला कोण, आणि व्रत घ्यायची परवानगी कोणाच्या लेकीला मिळाली, हे चार रकाने करून भरावेत. संस्थेने छापलेला स्मृतिग्रंथ त्यांच्याशेजारी ठेवावा. जी नावे रकान्यांत आहेत आणि स्मृतिग्रंथात नाहीत, त्या घरांतल्या म्हाताऱ्या बायकांकडे वही घेऊन बसावे. त्यांतल्या अनेकींकडे आता फार वर्षे उरलेली नाहीत.